सहलीच्या पत्रकावर तिथीही छापा : ठाणे-नवी मुंबईतील सहल संयोजकांस खुले पत्र

प्रति,
ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर व खारघर येथील सहल संयोजक,
तसेच गृहनिर्माण संस्थांच्या सांस्कृतिक समित्यांचे पदाधिकारी यांस,

विषय : किनाऱ्यावरील लहान गावांच्या सहली आखण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गणपती-नवरात्र आटोपले की आपल्या सहलींची पत्रके आमच्या इमारतींच्या सूचनाफलकांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर येऊ लागतात आणि होळीपर्यंत येत राहतात. अलिबाग, काशीद, मुरूड-जंजिरा, गणपतीपुळे. क्वचित कुठे दापोली. पहाटे साडेपाचला तीन हात नाक्यावरून प्रस्थान, वाटेत वडखळला नाश्ता, अकरा वाजता समुद्रकिनारा, एक वाजता जेवण, चार वाजता एखादे मंदिर आणि पाचला परतीचा प्रवास. गावाचे नाव बदलले तरी वेळापत्रकातले अक्षर बदलत नाही. आपण खटपट करून गाड्या ठरवता, ज्येष्ठांची पथ्ये सांभाळता, सोळाव्या आसनावरच्या माणसाला सतरावे हवे असते तेही निभावून नेता, याची मला जाणीव आहे, कारण मी स्वतः आपल्या गाड्यांतून हिंडलेला ठाणेकर आहे. म्हणूनच हे पत्र पर्यटन खात्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. खात्याला एखादे गाव नकाशावर आणायला वर्षे लागतील. आपल्याला ते पुढच्या पत्रकात करता येईल. सांगायचे आहे ते इतकेच की, किनाऱ्यावरच्या लहान गावाची सहल त्या गावाच्या वेळेने आखावी, आपल्या वेळेने नव्हे. भरती-ओहोटी, मासळीचा हंगाम, लिलावाची घटका, फेरीबोटीची शेवटची खेप आणि कारागीर कामाला बसतो ते दिवस, या सगळ्यांची मिळून गावाची वेळ होते, आणि ती चुकली की आपण गावात जाऊनही गाव न पाहता परत येतो.

ठाण्याचे समुद्राशी नाते तसे विचित्रच म्हणायचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि केळवे, सातपाटी, डहाणू, बोर्डी ही सारी किनारपट्टी एका दिवसात आपल्या जिल्ह्याबाहेर गेली. ठाणे जिल्ह्याकडे उघडा समुद्र उरला तो उत्तनच्या बाजूचा. बाकी आपल्या वाट्याला खाडी आहे, आणि तिच्याकडेही आपण पुलावरून जाताना खिडकीची काच वर करून पाहतो. नवी मुंबईची गोष्ट निराळी आहे. जानेवारी २०२४ मध्ये उपनगरी गाडी उरणपर्यंत पोहोचली आणि त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला. नेरूळला गाडीत बसलेला माणूस आता थेट उरणच्या बाजारात उतरतो, तिथून रिक्षाने करंजाच्या किंवा मोऱ्याच्या बंदरावर जातो आणि दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो. तरीही एकाही पत्रकावर अजून उरणचे नाव मी वाचलेले नाही. जवळचे गाव सहलीचे वाटत नाही, हा आपला जुना दोष आहे.

आता भरती-ओहोटीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळे घोडे तिथेच अडते. आपल्या घराघरांत भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यावर तिथी असते. किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एक साधा हिशेब करत आले आहेत : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरदुपारी समुद्र पूर्ण भरलेला, आणि तोही उधाणाचा. हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, गावागणिक थोडा पुढेमागे होतो, म्हणून नेमकी वेळ स्थानिक माणसाला विचारून घ्यावी. पण सहल आखायला तो पुरेसा आहे. या हिशेबाने आपले ‘अकरा वाजता समुद्रकिनारा’ तपासून पाहा. पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी अकराला गाडी किनाऱ्यावर लागते तेव्हा पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेले असते, वाळूची जेमतेम एक पट्टी उरलेली असते, आणि त्या पट्टीवर चार गाड्यांतली माणसे, घोडागाडी, उंट आणि भेळवाला उभे असतात. त्याच दिवशी चार वाजता, म्हणजे आपण सामान आवरायला सांगता तेव्हा, पाणी बरेच ओसरलेले असते, आणि सूर्य मावळेपर्यंत ओल्या वाळूचे एवढे मोठे अंगण उघडे पडते की चालता चालता पाय दुखावेत. अष्टमी-नवमीला याच्या उलट : दुपारी वाळू मोकळी, संध्याकाळी पाणी वर. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे पाणी फार आत जात नाही आणि फार बाहेरही येत नाही. एवढी माहिती असली तर दुपार गावात आणि संध्याकाळ वाळूवर, की दुपार वाळूवर आणि संध्याकाळ बाजारात, हे पत्रक छापण्यापूर्वीच ठरवता येते. आणखी एक फायदा असा की रविवारी संकष्टी आहे हेही आधीच लक्षात येते. नाहीतर मासळीच्या गावी जाऊन निम्मी गाडी साबुदाण्याची खिचडी शोधत फिरते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

मासळीची वेळही याच तिथीला बांधलेली आहे. उत्तन, अर्नाळा, उरण या पट्ट्यात डोल जाळ्याची मासेमारी चालते. ही पिशवीसारखी लांबलचक जाळी समुद्रात एका जागी बांधून प्रवाहाकडे तोंड करून सोडतात, आणि पाण्याचा जोर असेल तशी मासळी त्यात येते. साहजिकच उधाणाच्या दिवसांत बोंबील, जवळा, कोलंबी यांची आवक अधिक असते आणि भांगाच्या दिवसांत होड्या पुष्कळदा बंदरातच दिसतात. ताज्या बोंबलासाठी माणसे न्यायची असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस धरावेत. पावसाळ्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते; त्या काळात ‘ताज्या मासळीची खास पावसाळी सहल’ अशी जाहिरात करणारा संयोजक एकतर अनभिज्ञ असतो किंवा शीतपेटीतला माल वाढतो. त्या दोन महिन्यांत गावचे लोक स्वतः काय खातात ते खावे : सुकट, सोडे, वाकट्या, सुके बोंबील. आपल्याकडच्या कित्येक घरांत सोड्याची खिचडी आजही सणाच्या जेवणाइतक्या आवडीने होते, पण ते सोडे वाळतात कुठे आणि कसे हे त्या घरांतल्या मुलांनी पाहिलेले नाही.

ते दाखवायला लांब जावे लागत नाही. थंडीच्या दिवसांत उत्तनला किंवा अर्नाळ्याला जाऊन पाहावे. बांबूंचे उभे-आडवे मांडव उभारलेले असतात आणि त्यांवर बोंबील वाळत असतात. ते दोरीने बांधलेले नसतात. दोन बोंबील घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी आडव्या बांबूवर टाकायची, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. बाया बोलता बोलता हे करत असतात आणि त्यांची बोटे इतक्या झटपट चालतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला नेमके काय झाले ते कळतच नाही. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे अडकलेली जोडी वाऱ्यानेही सुटत नाही. शेजारी जमिनीवर जवळा पसरलेला असतो आणि कावळ्यांना हाकलायला एखादी म्हातारी काठी घेऊन बसलेली असते. वास उग्र असतो, हे मान्य आहे. नाकाला रुमाल लावून उभे राहणाऱ्यांना मात्र उतरण्यापूर्वीच बजावून ठेवावे, कारण आपण ज्याला वास म्हणतो ते त्या घराचे वर्षाचे उत्पन्न असते.

पापलेटविषयी एक वेगळी विनंती आहे. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर करण्यात आले, आणि त्यासाठी सातपाटीच्या मच्छीमारांनी बरीच वर्षे आग्रह धरला होता. तो आग्रह मानासाठी नव्हता, तर कोवळ्या पापलेटची मारणी थांबावी म्हणून होता. आता आपल्या जेवणाच्या कराराकडे पाहा : ‘प्रत्येकी एक अख्खे तळलेले पापलेट’. ताटात अख्खे मावेल आणि ठरलेल्या दरात बसेल असे पापलेट हे बहुधा पिल्लूच असते. त्याऐवजी ‘त्या दिवशी बंदरात येईल ती मासळी’ असे लिहिले तर स्वयंपाक करणाऱ्या बाईची सोय होते, खाणाऱ्याला मांदेली, मुडदुशा, बांगडा, बोय अशी न चाखलेली मासळी मिळते, आणि उरणकडे असाल तर जिताडाही. खारेपाटातल्या घरांमागच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची जुनी पद्धत आहे; पाहुणा जवळचा असला म्हणजे तो तळ्यातून बाहेर निघतो.

एक दिवसाच्या सहलीसाठी कोणते गाव घ्यावे असे मला कुणी विचारले तर मी चौल-रेवदंडा आणि पलीकडचे कोर्लई असे सांगेन. आपल्या गाड्या अलिबागहून काशीदला जाताना या तिन्ही गावांतून जातात, फक्त थांबत नाहीत. चौल हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी व्यापाऱ्यांनाही ठाऊक असलेले बंदर. आज तिथे बंदराची खूण शोधावी लागते, मात्र नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारे सावलीचे रस्ते, रामेश्वराचे देऊळ आणि त्याच्या समोरची पुष्करणी आहे, आणि पायऱ्या चढण्याची ताकद असेल तर टेकडीवरचे दत्तमंदिर आहे. रेवदंड्याला पोर्तुगीजांची तटबंदी सगळ्या गावाला कवेत घेऊन उभी आहे. लोक तटाच्या आतच राहतात, आतच बागा करतात. सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले नारळांच्या शेंड्यांवरून डोकावतात. रशियाहून निघालेला अफनासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला होता, त्याचे स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो, आणि त्याच्या लांबट पाठीवर किल्ला. १७४० साली पोर्तुगीज येथून गेले, तरी कोर्लईतील ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून घडलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. ही माहिती गाडीत जरूर सांगावी, पण गावात उतरल्यावर कुणाला थांबवून ‘जरा बोलून दाखवा’ असे म्हणू नये. आपल्या मुलुंडच्या नातेवाइकांना कुणी रस्त्यात अडवून तसे म्हटले तर कसे वाटेल, याचा विचार करावा.

रेवदंड्यात आणि अलिबागमध्ये बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, समाजाची सिनेगॉग (प्रार्थनास्थळे) आहेत. अलिबागजवळ नवगाव येथे, त्यांच्या परंपरेनुसार, त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले होते. हे लोक तेल गाळण्याचा व्यवसाय करत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. ठाणेकरांना ही गोष्ट परकी वाटू नये, कारण त्यांचे १८७९ सालचे सिनेगॉग आपल्या ठाण्यातच आहे आणि त्याच्या फाटकावरून आपण रोज जातो. ठाण्यातल्या सिनेगॉगपासून निघून नवगाव-रेवदंड्याला संपणारी सहल कुणी काढली तर पहिले नाव माझे घालावे. प्रार्थनास्थळात प्रवेशासाठी आधी परवानगी मात्र घ्यावी.

हिवाळ्यात याच वाटेवर दोन गोष्टी पिकतात आणि दोन्हींकडे आपण गाडीच्या वेगात दुर्लक्ष करतो. एक म्हणजे पोपटी. वालाच्या शेंगा, कांदे-बटाटे, हवे असल्यास अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, हे सारे भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भरायचे, मडके उलटे ठेवून भोवती जाळ करायचा, पाण्याचा थेंबही घालायचा नाही. ती रात्री शेतात करायची गोष्ट आहे. रिसॉर्टच्या हिरवळीवर गॅसच्या शेगडीवर भाजून तिला पोपटी म्हणून वाढणाऱ्यांकडे जाऊ नये. दुसरी म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा. भात कापल्यावर त्याच जमिनीत तो लावतात आणि फेब्रुवारीपासून कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूला काढणी सुरू होते. पात कापून टाकत नाहीत. वाळलेल्या पातीचीच वेणी घालत घालत कांदे गुंफून माळ करतात. मोठे कांदे खाली, लहान वर, आणि शेवटी टांगायला फास. आपल्या प्रवासी महिलांनी पंधरा मिनिटे अंगणात बसून ही माळ वळायला शिकली तर हस्तकलेचे प्रात्यक्षिक वेगळे ठेवायची गरज नाही, आणि रस्त्यावर त्याच नावाने विकला जाणारा भलताच कांदा गळ्यात पडण्याचीही भीती नाही.

हस्तकलेच्या प्रात्यक्षिकांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. डहाणू-बोर्डीच्या सहलीत ‘वारली चित्रकला कार्यशाळा, एक तास’ असे एक कलम असते. हॉटेलच्या सभागृहात छापील कागद वाटतात, त्यांवर आपण पांढऱ्या रंगाने त्रिकोण भरतो आणि छायाचित्र काढतो. वारल्यांच्या घरी लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका देवीचा चौक काढत, ती परंपरा निराळी आणि हे निराळे. या कलेला कागदावर आणून जगभर नेणारे पद्मश्री जिव्या सोमा मशे हे डहाणू तालुक्यातील गंजाडचे. त्या भागातील पाड्यांवर आजही चित्रे काढणारी घरे आहेत. तिथे जायचे तर आधी निरोप धाडावा लागतो, भातकापणीच्या दिवसांत कुणी घरी सापडत नाही, आणि चित्र विकत घ्यायचे तर मागे चित्रकाराचे नाव लिहून मागावे लागते. एवढी तसदी घेतली तर पैसे थेट त्या हातात जातात. परत येताना घोलवडचा चिकू घ्यावा. त्यालाही मानांकन आहे. वसईमार्गे येणार असाल आणि उन्हाचे दिवस असतील तर आगाशीकडच्या सुकेळ्यांची चौकशी करावी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी फार थोड्या घरांत होतात आणि संपली की संपली.

तीन दिवस काढू शकणाऱ्यांनी दक्षिणेकडे जावे. आपल्याच जिल्ह्यातल्या दिवा स्थानकातून सावंतवाडीची गाडी सुटते, तरी आपण लोक गोव्याला जाताना त्या स्थानकाकडे ढुंकून पाहत नाही. वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष आहेत, बंदर आहे, काजू आहे. तिथून सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे आणि खेळणी रंगवणारी दुकाने आहेत, आणि राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलाकार काम करताना दिसतात : गोल पत्ते, दशावतारी डावात एकशेवीस, प्रत्येक हाताने रंगवलेला. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री या बाहुल्यांसाठी मिळाली. सकाळी न्याहारीला घावणे किंवा नारळाच्या रसातले शिरवाळे मागावेत. हॉटेलवाले आधी पोहे-इडलीच पुढे करतील, आग्रह धरावा.

आता पैशांकडे येतो. लहान गावात मोठी हॉटेले नसतात, त्यामुळे जेवण कुणाच्या तरी घरी सांगावे लागते, आणि नेमके इथेच आपला व्यवहार ढिला असतो. गेल्या हिवाळ्यात मी ज्या गाडीत होतो तिच्या संयोजकांनी (नाव लिहीत नाही) दोन गाड्यांचे जेवण एका घरी सांगितले होते. दुसऱ्या गाडीतल्या मंडळींनी वाटेत बेत बदलला आणि ती परस्पर रिसॉर्टवर गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा पडवीत दोन पंगतींची केळीची पाने धुऊन ठेवलेली होती, कोलंबी सोलून शिजलेली होती, आणि तांदळाच्या भाकऱ्यांची चळत फडक्याखाली झाकलेली होती. काकूंनी ‘असूं दे, होतं असं’ एवढेच म्हटले. संयोजकांनी आलेल्या माणसांपुरते पैसे मोजले. लिलावात घेतलेली मासळी परत करता येत नाही. बसवाल्याला आपण निम्मी रक्कम आगाऊ देतो, रिसॉर्टला पूर्ण देतो, आणि घरी रांधणाऱ्या बाईला ‘आल्यावर बघू’ म्हणतो. यापुढे तिलाही निम्मी रक्कम आधी द्यावी आणि माणसांचा आकडा आदल्या संध्याकाळी पक्का कळवावा. दरही पाडून मागू नये. घरगुती जेवण म्हणजे स्वस्त जेवण हा समज आपण शहरातल्या लोकांनी करून घेतला आहे.

मुक्कामाच्या सहलीसाठी हर्णै, आंजर्ले, केळशी हा पट्टा सुचवतो. हर्णैला लिलाव वाळूवरच भरतो, सुवर्णदुर्ग समोर दिसत असतो, आणि होड्यांतून उतरलेल्या मासळीचे ढीग बोली लागताच हलतात. त्या गर्दीत मध्ये उभे राहून चित्रफीत काढणारा पाहुणा हा अडथळाच असतो. कडेला किरकोळ विक्रीच्या बायका वाटे लावून बसतात, तिथून एक वाटा घ्यावा आणि मुक्कामाच्या घरी द्यावा. मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण याहून बोलके आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे सागरी कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पुढे कासवांची पिल्ले पाहायला येणाऱ्यांची सोय गावकऱ्यांनी स्वतःच्या घरांत केली. पिल्ले निघाली तर सकाळी किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात, नाही निघाली तर नाही. तिथे आपले वेळापत्रक चालत नाही. तरीही ‘कासव नक्की दिसेल’ असे आश्वासन देणारी पत्रके मी पाहिली आहेत, आणि पिल्लू न दिसल्यामुळे रक्कम परत मागणारे प्रवासीही. असे आश्वासन कृपया देऊ नये. मोठ्या बसऐवजी लहान गाडी न्यावी. बागमांडला-वेसवी किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोटीवर ती चढते, आणि वाळूशेजारच्या गल्ल्यांत वळतेही. शेवटच्या फेरीची वेळ मात्र चालकाला लिहून द्यावी.

गाडी वाळूवर उतरवू नये, हे खरे तर सांगावे लागू नये. दर हंगामात कुठे ना कुठे भरतीत रुतलेल्या गाडीचे चित्र वर्तमानपत्रात येते आणि ती काढायला गावातलेच ट्रॅक्टर धावतात. स्वच्छतागृहांचा प्रश्न त्याहून खरा आहे. लहान गावात ती नसतात, असली तर बंद असतात. ज्या घरी जेवण सांगितले त्यांच्याशी त्याचेही आधीच बोलून ठेवावे आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत, म्हणजे आमच्या ज्येष्ठ महिला दिवसभर पाणी न पिता प्रवास करणार नाहीत.

आपले उत्तर मला ठाऊक आहे : लोकांना तरणतलाव हवा असतो, वातानुकूलित खोली हवी असते, लोक तक्रारी करतात. काही जण करतील. पण ज्यांनी आजवर फक्त एकच पदार्थ वाढला त्यांनी लोकांना तोच आवडतो असे म्हणणे जरा घाईचे आहे. आमच्या इमारतीतल्या किमान निम्म्या घरांचे मूळ गाव रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा पालघरमध्ये आहे, आणि त्यांपैकी कित्येक तिथे फक्त होळी-गणपतीला जातात. शेजारच्या तालुक्यातले बंदरही त्यांनी पाहिलेले नसते. त्यांना घेऊन जायला जाहिरातीची फारशी गरज नाही.

येत्या हंगामासाठी दोन गोष्टी कराव्यात. पत्रकावर तारखेशेजारी तिथी आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात, आणि चौल-रेवदंडा-कोर्लईची एक सहल काढावी. एक गाडी भरेल इतकी नावे मी आमच्या संस्थेतून गोळा करून देईन आणि घरगुती जेवणाची निम्मी रक्कमही आधी जमा करून देईन. तारीख पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळच्या रविवारची धरावी, म्हणजे दुपारी भरती असताना आम्ही चौलच्या वाड्यांत आणि तटबंदीच्या आत असू, ताजे बोंबील मिळण्याचा संभव अधिक, आणि संध्याकाळी पाणी ओसरल्यावर रेवदंड्याच्या वाळूवर चालता येईल. परतीचे प्रस्थान पाचऐवजी साडेसहाला ठेवावे. ठाण्याला पोहोचायला उशीर होईल, त्याबद्दल तक्रार येणार नाही याची हमी मी घेतो.

कळावे.

आपला नम्र,
ठाण्यातील एक प्रवासी